फुलेश्वरीची पडताळणी

६ ऑगस्ट २०२५, बुधवार

पत्र आले. अकरा पाने, त्यांतली सात नुसत्या संदर्भांची. मी संदर्भ वाचणारी बाई आहे, म्हणून सगळे वाचले; आणि खरे लिहायचे तर वाचताना आनंदही झाला. ओढ्याचे पाणी कुठून निघते ते काठाकाठाने उलट चालत जाऊन पाहावे, तसा. केंद्राने राज्याला लिहिले, राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने ‘सर्व ग्रामपंचायत अधिकारी’ यांना, म्हणजे मला. प्रत्येक टप्प्यावर एकच वाक्य वाढत गेले आहे — ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.’

विषय असा: परकीय असल्याचा संशय असलेल्या व्यक्तींची यादी करणे, तीस दिवसांत पडताळणी करणे, आणि पडताळणी होईपर्यंत त्यांचा निवास, जेवण व देखरेख — हे सर्व स्थानिक संस्थेने, स्वतःच्या साधनांतून.

राज्यघटनेची सातवी अनुसूची, संघसूची, नोंद सतरा: नागरिकत्व आणि परकीय व्यक्ती. म्हणजे विषय केंद्राचा. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे एकोणतीस विषय आहेत. मला ते क्रमाने पाठ आहेत. शेती आहे, पाणी आहे, रस्ते, बाजार, वाचनालये आहेत. परकीय माणूस त्यांत कुठेही नाही. तरी पत्र माझ्या टेबलावर आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सरपंच सुंदररावांना समजावून सांगितले. फळ्यावर पाच चौकोन, मध्ये बाण. त्यांनी तंबाखू मळत शांतपणे ऐकले. मग उठून शेवटच्या चौकोनावर बोट ठेवले.

“हे आपुन?”

“हो.”

“आन् ह्याच्या खाली?”

“खाली कोणी नाही.”

“म्हंजी समदे वरून हात झटकत आले, आन् आपल्याला झटकायला जागाच ठिवली न्हाई.”

वीस वर्षे मी प्रशिक्षणवर्गांत पंचायत राज शिकवते आहे. इतके सोपे करून मलाही कधी सांगता आले नव्हते. तसे म्हटल्यावर ते खूश झाले. मग म्हणाले, “पन मॅडम, आपल्या गावात परदेशी हाय कोन? आमी तर शेजारच्या दिंद्रुडचा जावईबी परका धरतो. त्याला लिवता का?”

निरंक अहवाल पाठवला. म्हणजे ‘असे कोणी नाही’.

११ ऑगस्ट, सोमवार

निरंक परत आला. ‘निरंक स्वीकारले जाणार नाही. परराज्यांतून आलेल्या सर्व व्यक्तींची नावे सादर करावीत.’

१३ ऑगस्ट, बुधवार

परराज्यांतून आलेल्या तीन आहेत. तिन्ही सुना. आमच्या जिल्ह्यात मुली कमी का झाल्या हे मी जनगणनेच्या तक्त्यांसह समजावून देऊ शकते. ते व्याख्यान मी अनेकदा दिले आहे. त्या न जन्मलेल्या मुलींच्या जागी दूरदूरच्या मुली आल्या, हे मात्र त्या व्याख्यानात नसते. एक आदिलाबादकडची, एक खंडव्याची. दोघींचे जन्मदाखले मिळाले. तिसरी वनमाला. सत्यभामाबाईंची सून, शहादेवची बायको. शहादेव परळीला वीजकेंद्राच्या राखेची गाडी चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. वनमाला २००६ साली आली. मध्यस्थाबरोबर, तीन रेल्वेगाड्या बदलून. माहेर बंगालच्या पार उत्तरेला, सीमेलगत. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर माहेरी गेली नाही.

दुपारी त्यांच्या घरी गेले. सत्यभामाबाई उंबऱ्यातच बसलेल्या. पत्राचे नाव काढताच म्हणाल्या, “कावून उकरता मॅडम? एकोनीस वर्सं झाली. ती काय बाहेरची हाय व्हय? माझ्या घरची हाय. तिचं नाव लिवू नका.”

मी बसले. समजावले. यादीत नाव जाणे म्हणजे आरोप नव्हे. उलट ही संधी आहे — एकदा सरकारी पडताळणी झाली, की पुन्हा कोणी कधीच विचारू शकणार नाही. सायलीला, म्हणजे वनमालाच्या मुलीला, बारावीनंतर नर्सिंगला जायचे आहे. तिथे आईचे कागद मागतील, तेव्हा हा दाखला उपयोगी पडेल. सायलीच्या वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून दिली. मी चांगले समजावले. चेहरे सैल होतात, त्यावरून मला कळते.

वनमाला भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “ताई, तुमी म्हनता तर लिवा. तुमी आमचं वाईट कावून करताल?”

१४ ऑगस्ट, गुरुवार

त्यांच्याच घरी बसून नमुना भरला. दोन तास लागले, कारण मी एकही रकाना अंदाजाने भरत नाही.

“माहेरचे नाव?”

तिने उंबऱ्यात बसलेल्या सासूकडे पाहिले. मग हलकेच, जणू कोणी रागावेल अशा आवाजात, “फुलेश्वरी.”

सायलीने पुस्तकातून मान वर केली. सतरा वर्षांच्या मुलीने आईचे नाव पहिल्यांदा ऐकले. “मम्मे, असलं भारी नाव व्हतं तुझं? आन् वनमाला कुनी केलं?”

लग्नात केले. परळीला, देवळाबाहेर. ताटात तांदूळ पसरून शहादेवने अंगठीने लिहिले. तिला मराठी वाचता येत नव्हते. सासूने वाचून दाखवले, तिने मान डोलावली. “त्याच तांदळाचा मंग भात केल्ता,” ती म्हणाली आणि हसली. आपल्याकडची रीतच आहे, कोणाला त्यात काही वाटत नाही. आमच्या घरात छप्पन्न साली आजोबांनी नवा धर्म घेतला, नवी नावे घेतली — स्वतः घेतली. हिला ते दिले गेले. हा फरक मला आज पहिल्यांदा जाणवला, आणि तोही नमुना भरताना.

आधार, रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, सगळ्यांवर वनमाला. पत्राच्या पान नऊप्रमाणे यांतले काहीच नागरिकत्वाचा पुरावा नाही. जन्माचा, शाळेचा काही कागद? “न्हाई.” आठवीपर्यंत शाळा झाली होती, एवढे सांगितले. गावाचे नाव, बापाचे नाव धीरेन, आडनाव बर्मन.

नावाचे रकाने तीन: स्वतःचे, मधले, आडनाव. मी लिहिले — फुलेश्वरी धीरेन बर्मन. ती भाकरीच्या पिठाच्या हाताने दोन बोटे दाखवत म्हणाली, “ताई, आमच्यात बापाचं नाव मधी न्हाई घालत. दोनच असतंय.” मी तिला समजावले, की रकाना रिकामा राहिला तर नमुना परत येतो, आणि मधले नाव असले की ओळख अधिक पक्की होते, एका नावाची चार माणसे असली तरी घोटाळा होत नाही. तिला पटले.

१८ ऑगस्ट, सोमवार

नमुना गेला. एक प्रत थेट तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीला, रजिस्टर टपालाने आणि ईमेलने. तालुक्यात आमचाच पहिला. विस्तार अधिकारी जीवन सर फोनवर म्हणाले, “मॅडम, इतका स्वच्छ भरलेला नमुना! सगळ्या ग्रामपंचायतींना नमुन्याचा नमुना म्हणून फिरवतो.”

बरे वाटले.

२५ ऑगस्ट, सोमवार

आदेश. ‘संशयित व्यक्तीस पडताळणी पूर्ण होईपर्यंत ग्रामपंचायत सभागृहात देखरेखीखाली ठेवण्यात यावे.’ आजपासून तीस दिवस. माणूस कोण नेमायचा, जेवण कोणी द्यायचे, आजारी पडली तर काय — याबद्दल एकच ओळ: ‘आपल्या स्तरावर.’

सुंदरराव आदेश वाचून म्हणाले, “मॅडम, तिचं घर हितून शंभर पावलांवर हाय. ती पळून पळून जाईल कुठं? घरीच ना?”

मी पद्धत बसवली. रजिस्टर, सकाळ-संध्याकाळ सही. सभागृहातच झोपायचे, दार आतून लावायचे. सही करताना तिने विचारले, “कोन्तं नाव घालू?” मी म्हटले, जे कागदावर आहे ते. तिने मराठीत फु-ले-श्व-री असे अक्षर अक्षर जोडून लिहिले. मग खाली स्वतःच्या लिपीत एकदा लिहून पाहिले. ती सही भरभर आली.

सत्यभामाबाई वाकळ काखेत घेऊन हजर. “सून एकटी न्हाई झोपनार. तुमच्या रजिस्टरला मलाबी लिवा.” गुडघे दुखतात त्यांचे, सभागृहाला चार पायऱ्या आहेत. तरी आल्या.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या. सत्यभामाबाई सकाळीच दारात, “सोळा भाज्या कोन करील? तुमचं सरकार?” वनमालाला दिवसभर घरी पाठवले. रजिस्टरला लिहिले, ‘घरगुती कारणास्तव.’ नियमात अशी तरतूद नाही.

माझ्यासाठी पुरणपोळीचा डबा आला. सगळ्या भाज्या एका बाजूला नीट रचलेल्या. एकोणीस वर्षांत ती हे सगळे शिकली आहे. आमच्या जन्मलेल्या मुलींना येत नाही ते.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीचा फोन लागला. बावीस वेळा लावल्यावर. सचिवाचे नाव बिपुल राय. मी हिंदीत ओळख सांगितली, पत्राचा जावक क्रमांक सांगितला. पलीकडे दीर्घ श्वास.

“दीदी, आप महाराष्ट्र से? आज सुबह गुजरात से था, कल दिल्ली से, ओडिशा से. मेरे पास ऐसा चार सौ से ऊपर चिट्ठी पड़ा है. हम और एक क्लर्क. वो भी बाढ़ की ड्यूटी में.”

मी विचारले, तुम्हालाही मुदत आहे का? हसला. “हमको भी लिखा है, अपने स्तर पर.”

मला वाटत होते बाण वरून खाली येतात आणि माझ्यापाशी थांबतात. तसे नाही. ते देशाच्या दोन टोकांना दोन कारकुनांपाशी येऊन थांबतात, आणि ते दोघे एकमेकांकडे पत्रे पाठवतात. मध्ये कोणीच नाही.

तिचे नाव, गाव, पुन्हा सांगितले. तो म्हणाला, देखता हूँ दीदी. आवाजावरून माणूस चांगला वाटला. आजारी वाटला.

११ सप्टेंबर, गुरुवार

तालुक्याहून दोघे जण पाहणीला आले. वनमालाला समोर बसवून म्हणाले, बोला काहीतरी. ती म्हणाली, “काय बोलू? चहा घेता का इचारू का?” दुसरा हसू दाबत पहिल्याला म्हणाला, “सर, ही तर आपल्यापेक्षा गावठी बोलती की.” शेऱ्यात लिहिले: ‘स्थानिक भाषा आत्मसात केलेली आहे.’ हे बाजूने लिहिले की विरुद्ध, ते मला वाक्यरचनेवरून ठरवता आले नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीचे ईमेल आले. एक ओळ.

‘फुलेश्वरी धीरेन बर्मन या नावाची नोंद आढळून येत नाही.’

तीनदा वाचले. मग तिला सांगितले. ती सभागृहाच्या पायरीवर शेंगा फोडत होती. म्हणाली, “आसं कसं न्हाई? माजी आय हाय ना तिथं.” मग थोड्या वेळाने, “आसल का?”

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन. अंगण तिनेच झाडले होते. रांगेत उभी राहिली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मुदतवाढीसाठी दिवसभर फोन. तालुका म्हणाला, मुदतवाढीचा अधिकार जिल्ह्याला. जिल्हा म्हणाला, राज्याला. राज्यातल्या एका बाईंनी सौजन्याने ऐकून घेतले आणि केंद्राच्या मदत कक्षाचा क्रमांक दिला. मदत कक्षाने माझी तक्रार नोंदवून घेतली, आणि संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला — ‘आपली बाब स्थानिक संस्थेशी संबंधित आहे. कृपया आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी संपर्क साधावा.’

सुंदररावांना वाचून दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, “मॅडम, तुमालाच तुमच्याकडं धाडलं की.”

शहादेव परळीहून रजा टाकून आला आहे. सभागृहाच्या भिंतीला टेकून बसतो. आज एवढेच विचारले, “म्या तिला तांदळात नाव न्हाई लिवलं असतं, तर?” मी त्याला समजावले, की कायद्याच्या दृष्टीने त्या नावाचा काही परिणाम नाही. खरे तर मला हे नक्की माहीत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चार दिवस पाऊस कोसळतो आहे. नदी पात्र सोडून शेतांतून वाहते आहे. खालच्या आळीची अकरा कुटुंबे सभागृहात आणली, दुसरी पक्की जागा नाही. म्हणजे माझे निवास केंद्र आज पूरग्रस्तांचे निवारा केंद्र झाले. दोन रजिस्टरे, एकच खोली.

वनमाला पहाटेपासून चुलीपाशी. साठ माणसांची खिचडी. मुले तिच्या पाठीवर. “रांगंत या रं, न्हाई तर उलथनं बसंल.” खालच्या आळीची एक म्हातारी ताट घेताना म्हणाली, “वनमाले, तू व्हतीस म्हनून. न्हाई तर ह्या पंचायतीनं कोरडे मुरमुरे दिले असते.” सगळे हसले. मीही.

ती माझ्याजवळ ताट घेऊन आली. “ताई, आमच्याकडं दर साली आसंच. नदी घरं न्हेती. आमचं घर दोनदा गेल्तं.” इतके सलग तिने माहेराबद्दल कधी सांगितले नव्हते. मी ऐकत होते, आणि मनात मोजत होते — आज तिसावा दिवस. मनात म्हटले, रस्ता बंद आहे. मदतीची गाडीसुद्धा दोन दिवस येऊ शकलेली नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

गाडी आली. ट्रॅक्टरमागून, पाण्यातून. मदतीची नव्हे, पोलिसांची.

त्यांच्याजवळ तिला ताब्यात घेण्याचा कागद होता, पूर्ण. मी तो उभ्याने वाचला. चूक शोधत होते. चूक नव्हती. आधार माझ्याच नमुन्याचा, जावक क्रमांकासह. ‘स्थानिक संस्थेच्या अहवालानुसार.’

सत्यभामाबाईंनी तिचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. पोलीसबाई तरुण होती, रडवेली झाली होती, म्हणाली, “आज्जी, मला वरून सांगितलंय.” सुंदरराव गाडीपुढे उभे राहिले. त्यांना बाजूला केले. शहादेव खालच्या आळीत लोकांची गुरे काढायला गेला होता, त्याला बोलवायला पाठवले, तो पोचायच्या आत गाडी निघाली.

तिने फक्त दोन गोष्टी विचारल्या. सायलीला, “कुकरची शिट्टी बसवून घेतली का?” आणि मला, “ताई, सही करू का संध्याकाळची?”

मी म्हटले, कर. तिने केली.

३० सप्टेंबर, मंगळवार

काही कळत नाही. जिल्ह्याला नेले, तिथून पुढे नेले, पुढे म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. शहादेव तीन कार्यालये फिरून आला.

जीवन सरांना फोन केला. बोलता बोलता विचारले, बाकीच्या ग्रामपंचायतींच्या पडताळण्या कुठपर्यंत आल्या?

ते म्हणाले, “मॅडम, बाकी कुणाचे नमुनेच आले न्हाईत अजून.”

“आणि वरून विचारणा?”

“न्हाई. एकदा आलेलं निरंक परत केलं, पुन्हा कुनी विचारलंच न्हाई. तुमी सोडून.”

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सायलीच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांक. ती धावत कार्यालयात आली. मी ऐकले ते तिच्या तोंडून. आवाज आईचा, भोवती खूप माणसे. “पोरी, म्होरं नदी हाय. आज बॉर्डरच्या पल्याड न्हेनार म्हनत्यात. तिकडचं लोक म्हनत्यात, तू आमची न्हाईस.” मग, “आज्जीचं गुडघ्याचं तेल फळीवर हाय.” मग फोन बंद. चाळीस सेकंद.

परत लावला. लागत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बिपुल राय यांचा फोन आला. स्वतःहून. मी ओळखले नाही. आवाज बरा झाला होता.

“दीदी, बहुत दिन अस्पताल में था. लौटकर आपका कागज़ फिर से देखा. एक बात पूछूँ? ये बीच में धीरेन क्यों लिखा है?”

मी सांगितले, वडिलांचे नाव. मधले नाव.

“हमारे यहाँ बीच में बाप का नाम नहीं होता दीदी. मशीन में तीनों शब्द डालकर खोजा होगा मेरे क्लर्क ने, तो कुछ नहीं निकला. धीरेन निकाल दिया, तो तुरंत मिल गई. फुलेश्वरी बर्मन, पिता धीरेन. स्कूल की रजिस्टर में भी है, जन्म की में भी. माँ ज़िंदा है. मैं कल खुद जाकर मिला. बोली, उन्नीस साल बाद किसी ने उसका नाम लिया.”

मग विचारले, “वो कहाँ है अभी? बात करा दीजिए न.”

मी त्यांना काय सांगितले ते मला आठवत नाही. वीस वर्षे मी शिकवते आहे — संपूर्ण नाव म्हणजे तीन शब्द. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. आमच्याकडे दोनच शब्द सांगणाऱ्याला आपण विचारतो, बापाचे नाव नाही का? तिने मला सांगितले होते. भाकरीचे पीठ लागलेल्या हाताने दोन बोटे दाखवून सांगितले होते. आणि मी तिला समजावले.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुरुस्तीचे पत्र पाठवले. वरच्या चारही स्तरांना एकाच वेळी, जन्मनोंद व शाळानोंद जोडून. कारण स्पष्ट लिहिले: ‘मधल्या नावाचा रकाना या कार्यालयाने चुकीने भरला. चूक माझी आहे.’ खाली सही, शिक्का.

सायलीला आणि शहादेवला बसवून सगळे सांगितले. आकृती काढली नाही. शहादेव म्हणाला, “तुमी मुद्दाम थोडंच केलं.” सायली उठून आत गेली. तिने बोलायला हवे होते.

सत्यभामाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. झोप लागली नव्हती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर. ‘सदर व्यक्ती आता आपल्या कार्यक्षेत्रात वास्तव्यास नसल्याने दुरुस्तीचा प्रस्ताव आपल्या स्तरावरून विचारात घेता येत नाही.’

म्हणजे ती इथे होती तोवर जबाबदारी माझी. ती इथे नाही, तर अधिकारही माझा नाही. मी रिकाम्या कार्यालयात फळ्यासमोर उभी राहिले, पाच चौकोन काढले, आणि बाणाचे टोक कुठे करावे ते कळेना.

पुन्हा लिहिले. बिपुल राय तिकडून लिहीत आहेत. तिच्या आईचा अंगठा घेऊन त्यांनी अर्ज केला आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दार उघडायच्या आधी सत्यभामाबाई पायरीवर बसलेल्या. आत आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत. जमिनीवर बसून म्हणाल्या —

“तुमची चूक न्हाई मॅडम. शाळंचा दाखला व्हता तिच्याजवळ. बापानं दिल्ता. पिशवीत, पोलक्याच्या घडीत. आल्याच्या पयल्याच आठवड्यात म्या चुलीत घातला. त्या साली आपल्या गावात आशा दोघी आनल्या व्हत्या, दोघीबी पळून गेल्त्या. ही जाऊ न्हाई म्हनून. तिला सांगितलं, उंदरानं न्हेला. तिनं मानलं. मंग तुमी इचारलं तवा ती न्हाई म्हन्ली, आन् म्या उंबऱ्यात बसून ऐकलं. तीस रात्री तिच्याशेजारी निजले, तरी तोंडातून निघालं न्हाई.”

मी ऐकत होते. पेन हातात होते.

“लिवा की मॅडम. तुमी तर समदं लिवता.”